कर्जाचे वय, रस्त्याचे वय

प्रस्तावना

किर्गिझस्तान हे नाव मराठी घरांत ओळखीचे झाले ते डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांमुळे. बिश्केक आणि ओश या दोन शहरांत एमबीबीएस करणारी मुले-मुली आता महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांत सापडतात. बिश्केक देशाच्या उत्तरेला, ओश दक्षिणेला, आणि मध्ये तिएन शानच्या डोंगररांगा. या दोन शहरांना जोडणारा ६७२ किलोमीटरचा एक रस्ता आहे. तो रस्ता, आणि त्याच्यासारखे दुसरे रस्ते पुन्हा उभे करण्यासाठी एका गरीब देशाने परक्या सरकारांकडून काढलेली कर्जे, हा या पुस्तकाचा विषय.

क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. समुद्र नाही. रेल्वे आहे, पण उत्तरेतला तुकडा वेगळा आणि दक्षिणेतला वेगळा. देशाच्या आतून ते एकमेकांना कुठेही मिळत नाहीत. त्यामुळे गहू, कोळसा, सिमेंट, औषधे, माणसे, सगळे रस्त्यानेच जाते. रस्ता बंद झाला की देशाचे दोन भाग होतात, आणि हे तिथे दर हिवाळ्यात घडू शकते.

या रस्त्यावरून एकदा नजर फिरवली पाहिजे, नाहीतर पुढचे आकडे कोरडे वाटतील. बिश्केकहून निघाले की कारा-बाल्तापर्यंत सपाट मैदान आहे. तिथून रस्ता दक्षिणेला वळतो आणि घाट सुरू होतो. वळणावर वळण घेत मालवाहू ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तोर-आशू खिंडीकडे चढत राहतात. तीन हजार मीटरच्या वर, अडीच किलोमीटरहून लांब असा सोव्हिएत काळातला बोगदा आहे. बोगद्यातून बाहेर पडले की एकदम सुसामिरचे विस्तीर्ण कुरण समोर येते. उन्हाळ्यात तिथे मेंढपाळांचे गोल तंबू लागतात, आणि रस्त्याच्या कडेला बायका घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या बाटल्या आणि वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे विकायला बसतात. मग आला-बेल खिंड, ३,१८४ मीटर. तिथून उतार, चिचकानची दरी, तिथला मध, मग तोक्तोगुलच्या जलाशयाला मोठा वळसा. पुढे नारिन नदीवरची धरणे, मग जलालाबाद, उझगेन आणि शेवटी ओश. हिवाळ्यात याच घाटात हिमकडे कोसळतात आणि दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागतात. सुसामिरच्या कडेला बसलेल्या त्या बाईचा हंगामही या डांबरावरच अवलंबून असतो. रस्ता म्हणजे कोणाची तरी रोजी आहे, हे कर्जाच्या कागदांत कुठे लिहिलेले नसते.

सोव्हिएत इंजिनिअरांनी हा रस्ता आखला तेव्हा किर्गिझ आणि उझबेक प्रजासत्ताकांमधली सीमा कागदावरची होती. जिथून सोपे पडेल तिथून त्यांनी रस्ता नेला. १९९१ साली ती सीमा खरी झाली. एका रात्रीत देशाच्या मुख्य महामार्गाचा काही भाग परदेशात गेला, आणि तिथे चौक्या बसल्या. बातकेन प्रांतात तर रस्ता सोख या, चारही बाजूंनी किर्गिझ भूमीने वेढलेल्या, उझबेक प्रदेशातून जात होता. आपल्याच देशातल्या आपल्याच गावी जाताना दुसऱ्या देशाच्या पहारेकऱ्याला कागद दाखवावे लागत. अशा ठिकाणी वळणरस्ता बांधणे हा चैनीचा खर्च नव्हता. किर्गिझस्तानने रस्त्यांसाठी कर्ज काढले म्हणजे ऋण काढून सण केला, असे जे म्हणतात, त्यांनी एकदा हा नकाशा पाहावा.

मॉस्कोहून येणारा पैसा थांबल्यावर देखभाल थांबली. पाच-सहा हिवाळ्यांत रस्त्याची चाळण झाली. १९९६ साली आशियाई विकास बँकेने बिश्केक–ओश रस्त्याच्या पुनर्बांधणीसाठी पहिले कर्ज दिले, ५ कोटी डॉलरचे. १९९८ साली आणखी ५ कोटी. २००१ साली तिसरे. जपानच्या सरकारी कर्जसंस्थेचाही हात लागला, इस्लामी विकास बँक आली. रस्ता हळूहळू सुधारत गेला. पण त्याच काळात १९९८ चे रशियन आर्थिक संकट आले, किर्गिझ चलन घसरले, आणि शतक संपता संपता देशाचे परदेशी कर्ज त्याच्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाएवढे होऊन बसले. २००२ आणि २००५ साली पॅरिस क्लबच्या सावकार देशांकडून हप्ते बदलून घ्यावे लागले, आणि दुसऱ्या वेळी सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलरची माफीही मिळाली.

इथे एक प्रसंग आहे, ज्याने मला या विषयाकडे ओढले. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी एक सवलत योजना होती. किर्गिझस्तान तिला पात्र ठरत होता. कर्जाचा मोठा भाग उतरला असता. पण २००६–०७ च्या हिवाळ्यात बिश्केकच्या रस्त्यांवर लोकांनी या योजनेविरुद्ध निदर्शने केली, संसदेत वाद झाला, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये सरकारने योजना नाकारली. विरोधकांचे म्हणणे होते की माफीबरोबर येणाऱ्या अटी देशाचे धोरण बाहेरच्यांच्या हातात देतील, आणि शिवाय जगातल्या सर्वांत गरिबांच्या यादीत आपले नाव लागेल. यात स्वाभिमान होता आणि काहीसा अविचारही होता, असे माझे मत आहे. पण तो निर्णय लोकांनी रस्त्यावर उतरून मागितलेला होता. कर्ज हा त्या देशात अर्थखात्याचा अंतर्गत मामला राहिला नव्हता. त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेल्या दुसऱ्या कर्जलाटेच्या वेळी अशी उघड चर्चा झाली नाही, ही खरी खंत.

ती लाट चीनची. चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून ओशहून इर्केश्तामकडे आणि बिश्केकहून नारिनमार्गे तोरुगार्तकडे जाणारे रस्ते सुधारले. दोन्ही रस्ते चिनी सीमेवर जाऊन थांबतात. २०१३ साली उत्तर–दक्षिण पर्यायी रस्त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. बालिक्ची ते जलालाबाद, ४३३ किलोमीटर, नव्या लांब बोगद्यासह. म्हणजे जुन्या घाटाला दुसरी वाट. या कर्जांचा साचा साधारण ठरलेला आहे: व्याज दरसाल २ टक्के, मुदत २० वर्षांच्या आसपास, पहिली काही वर्षे मुद्दलाला सूट, आणि कंत्राटदार चिनी. २०२० पर्यंत देशाच्या परदेशी कर्जाचा चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा या एकाच बँकेचा झाला. कोरोनाच्या वर्षी हप्ते जड झाले, तेव्हा चीनने सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा भरणा पुढे ढकलला. त्याच सुमारास देशाचे कर्ज फेडण्यासाठी सामान्य माणसांकडून देणग्या मागण्याची वेळ आली.

हे रस्ते चिनी माल खपवण्यासाठी बांधले, असे म्हटले जाते. ते खरे आहे. पण बिश्केकचा दोर्दोय बाजार आणि ओशजवळचा कारा-सू बाजार याच मालावर उभे राहिले, आणि तिथून कझाकस्तान, रशिया, उझबेकिस्तानपर्यंत कपडा-बूट विकून हजारो किर्गिझ घरांची चूल पेटली, हेही तितकेच खरे आहे. ‘कर्जाचा सापळा’ या दोन शब्दांत सगळे बसवणाऱ्यांशी माझे जमत नाही. आणि स्वस्त व्याजाचे कर्ज म्हणजे मदतच, असे सांगणाऱ्यांशीही नाही. सावकार कोण, यावर इतकी शाई खर्च झाली आहे की मूळ प्रश्न मागेच राहिला: कर्ज फिटेपर्यंत रस्ता टिकणार आहे का?

डांबरी रस्ता नीट बांधला आणि वेळेवर सांभाळला, तर मोठी डागडुजी लागायला बारा-पंधरा वर्षे लागतात. सांभाळला नाही तर सात-आठ वर्षांत त्याची रया जाते. एक्झिम बँकेचे कर्ज २० वर्षांचे. विकास बँकांची सवलतीची कर्जे तीस वर्षांहूनही लांब. म्हणजे रस्ता उखडून गेल्यावरही त्याचे हप्ते चालूच राहतात, आणि त्या उखडलेल्या रस्त्यासाठी नवे कर्ज काढावे लागते. बिश्केक–ओश महामार्गासाठी १९९६ साली पहिले कर्ज झाले. २०१३ सालीही त्याच महामार्गाच्या वेगळ्या टप्प्यांसाठी आशियाई विकास बँकेचीच कर्जप्रकरणे चालू होती. देखभालीचा पैसा उभा राहिला नाही, तर मागचे पाढे पंचावन्न.

रस्ता मरतो कसा, हे जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. खास बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवले आणि रस्ता किती झिजतो ते मोजले. त्यातून निघालेला नियम आजही जगभरचे रस्तेवाले वापरतात: एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. म्हणजे एक ओव्हरलोड ट्रक हजारो मोटारगाड्यांपेक्षा जास्त रस्ता खातो. त्यात तोर-आशूसारख्या घाटात दुसरा शत्रू पाणी. उन्हाळ्यात डांबराला बारीक भेग पडते. शरद ऋतूत त्यात पाणी मुरते. हिवाळ्यात त्याचे बर्फ होते, बर्फ फुगते आणि भेग रुंदावते. वसंतात वितळलेले पाणी खालच्या खडी-मुरमाच्या थरात उतरते, थर मऊ पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत रस्ता उघडला म्हणून थांबलेले सगळे ट्रक एकदम निघतात. दोन-तीन वसंतांत त्या भेगेचा खड्डा होतो. ती भेग पहिल्याच वर्षी भरली असती, साइडपट्टीचे गटार आणि मोऱ्या साफ ठेवल्या असत्या, वजनकाट्यावर ट्रक अडवला असता, तर हे घडले नसते. या तिन्ही कामांना मोठ्या कर्जाची गरज नाही. दरवर्षी थोडा पैसा लागतो, आणि तो न चुकता लागतो.

कोकणात पावसाळ्याआधी घराची शाकारणी करतात. एक वर्ष चुकले तर कौलातून झिरपलेले पाणी वाशांपर्यंत जाते आणि मग छप्परच बदलावे लागते. रस्त्याचा हिशोब तसाच आहे, फक्त रकमा मोठ्या. जागतिक बँकेने १९८८ साली विकसनशील देशांतल्या रस्त्यांच्या ऱ्हासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८५ देशांत मिळून ४५ अब्ज डॉलर किमतीचे रस्ते देखभालीअभावी वाया गेले होते. वेळेवर केलेल्या देखभालीचा खर्च १२ अब्ज डॉलरहून कमी आला असता. या अभ्यासाला आता साडेतीन दशके उलटून गेली, पण विकसनशील देशांच्या अर्थसंकल्पात देखभालीचे कलम आजही सर्वांत आधी कापले जाते.

ते का कापले जाते, हा या पुस्तकाचा गाभा आहे. कर्जाचा हप्ता टाळता येत नाही. टाळला तर पत जाते, पुढची दारे बंद होतात. कर्मचाऱ्यांचा पगार टाळता येत नाही, निवृत्तिवेतन टाळता येत नाही. टाळता येते ती देखभाल, कारण न भरलेल्या भेगेची बातमी होत नाही. सावकारालाही बांधकामासाठी पैसे देणे सोयीचे असते. त्याचा कंत्राटदार काम करतो, ठरल्या दिवशी फीत कापली जाते, काम संपते. भेगा भरायला वीस वर्षे बसून राहण्याची तयारी कोणाची नसते. मग असे होते की ज्या रस्त्यासाठी कर्ज घेतले, त्या कर्जाचा हप्ताच त्या रस्त्याच्या देखभालीचा पैसा खातो. इतकी वर्षे या विषयाचे कागद वाचताना मला याहून क्रूर गोष्ट दिसलेली नाही. सावकार चिनी असो, जपानी असो की मनिला-वॉशिंग्टनची बँक असो, इथे काही फरक पडत नाही.

त्यात चलनाचा मार वेगळा. ४० कोटी डॉलरचे कर्ज धरा. २०१३ साली एका डॉलरला सुमारे ४८ सोम पडत होते, म्हणजे कर्ज १,९२० कोटी सोमचे. २०१६ च्या सुरुवातीला डॉलर ७५ सोमला गेला. कर्ज ३,००० कोटी सोमचे झाले. एक दमडी नवी न घेता. किर्गिझ मजुरांची रशियातली मजुरी घटली, तिथून घरी येणारी रक्कम घटली, सोम घसरला. यात रस्त्याचा काही दोष नव्हता आणि रस्ता वापरणाऱ्याचाही नव्हता. २ टक्के व्याज स्वस्त आहे असे म्हणताना हा हिशोब सोडून चालत नाही.

शेजारच्या ताजिकिस्तानचे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहिले आहे. दुशांबे आणि खुजंद ही त्या देशाची दोन मोठी शहरे. मधल्या खिंडी हिवाळ्यात बंद असत, आणि उझबेकिस्तानमधून जाणारा फेरा राजकारणाने बंद होता. २००६ साली चीनच्या एक्झिम बँकेने सुमारे २८ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यातून खुजंदवरून जाणारा दुशांबे–चानाक रस्ता झाला आणि शहरिस्तानचा पाच किलोमीटरहून लांब बोगदा झाला. देश वर्षभर जोडलेला राहू लागला. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती कर्जाशिवाय झाली नसती. पण एप्रिल २०१० मध्ये त्याच रस्त्यावर टोलनाके उभे राहिले. वसुली ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीकडे गेली, जिचे मालक कोण हे लोकांना कधी नीट सांगितले गेले नाही. कर्ज सरकारच्या नावावर, म्हणजे पर्यायाने प्रत्येक ताजिक कुटुंबाच्या नावावर, आणि उत्पन्नाचा हिशोब बंद दाराआड. हे चूक आहे, आणि त्यासाठी चीनला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. टोल कोणाला द्यायचा हे दुशांबेत ठरले.

अंधार दोन्हीकडून असतो. २०२१ साली चिनी सावकारांनी २४ देशांशी केलेल्या १०० करारांचा अभ्यास काही संशोधन संस्थांनी मिळून प्रसिद्ध केला. त्यात गुप्ततेची कलमे सर्रास आढळली. इतर सावकारांबरोबरच्या कर्जाच्या फेररचनेत सामील होऊ नये अशी बंधनेही आढळली. ज्या कर्जाच्या अटी संसदेलाही वाचता येत नाहीत, ते कर्ज नागरिकाने फेडावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

परदेशी कर्जाने रस्ता होतो आणि कर्ज फिटतेही, याचा दाखला आशियातच आहे. १९५० च्या दशकात जपानचे रस्ते बहुतांश कच्चे होते. १९६० साली जागतिक बँकेने मेइशिन द्रुतगती महामार्गासाठी ४ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९६३ साली त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. जागतिक बँकेचे सगळे कर्ज जपानने १९९० च्या जुलैमध्ये फेडून संपवले. जपान श्रीमंत होत होता म्हणून फेडू शकला, हे उघड आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आधीची: १९५३ सालीच तिथे पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला होता. कर्ज यायच्या आधी रस्त्याच्या पोटापाण्याची सोय झाली होती. बिश्केकमध्ये क्रम उलटा लागला.

मराठी वाचकाने हे सगळे परक्याचे म्हणून वाचू नये. मुंबईचा अटल सेतू जपानच्या सरकारी कर्जातून उभा राहिला आहे. आणि भारत स्वतः सावकारही आहे: मोझांबिकमधल्या तिका–बुझी–नोव्हा सोफाला रस्त्याला भारताच्या एक्झिम बँकेचे कर्ज आहे. आपण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतो. त्यामुळे कर्ज देताना देखभालीची अट घालणे आणि कर्ज घेताना देखभालीचा पैसा आधी बाजूला काढणे, या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. तिची अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, हे गावोगावचे लोक जाणतात. पण कलम योग्य आहे आणि ते परदेशी कर्जाच्या करारातही जायला हवे.

किर्गिझस्तानही काही शिकला आहे. एकाच सावकाराचा वाटा किती असावा यावर त्याने स्वतःला मर्यादा घालून घेतली. चीन–किर्गिझस्तान–उझबेकिस्तान रेल्वेचे काम डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, त्यात चिनी कर्ज थेट सरकारच्या डोक्यावर न घेता तिन्ही देशांच्या संयुक्त कंपनीच्या नावावर घेतले आहे. तिथे चीनचा वाटा ५१ टक्के आहे, त्यामुळे प्रश्न संपलेले नाहीत. त्यांची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे.

वाचकांना दोन विनंत्या. वाचताना मध्य आशियाचा नकाशा शेजारी ठेवावा, विशेषतः फरगाना खोऱ्याचा. सीमांचा तो गुंता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकेका वळणरस्त्याची किंमत कळणार नाही. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कर्जाचा तक्ता दिला आहे, तो वगळू नये. त्यात शेवटच्या हप्त्याचे वर्ष एका रकान्यात आहे आणि रस्त्याला पुन्हा मोठी दुरुस्ती लागण्याचे अंदाजे वर्ष शेजारच्या रकान्यात. आधी हे दोन रकाने वाचावेत, मग प्रकरण.